रानभाजी शिकायची तर: जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडून नवख्यांसाठी

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की बेळगावच्या बाजारात भाजीच्या रांगेच्या अगदी टोकाला, पोत्यावर बसलेल्या बायका दिसू लागतात. पुढ्यात बुट्टी, तिच्यावर ओलं फडकं, आणि फडक्याखाली टाकळ्याचे वाटे, तेऱ्याच्या म्हणजे रानआळूच्या पेंड्या. पुढे आषाढात बांबूचे कोंब, श्रावणात करटोली. पहाटेच्या बसने जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या रानाकडून त्या आलेल्या असतात आणि माल संपला की दुपारच्या आत परतीच्या वाटेला लागतात.

या बुट्टीपाशी थांबून, पाला हातात घेऊन, "हे कसं करायचं?" असं विचारायचा संकोच वाटून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. नोकरीनिमित्त नव्याने बेळगावात आलेले आहेत, आणि आजी रानभाजी करायची पण आईने कधी केली नाही असे इथलेच लोकही आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं आजोळ जांबोटीच्या पुढचं. तिथल्या धनगरवाड्यावरच्या एका आज्जीच्या मागे मागे फिरून मी जे शिकले, आणि नंतर स्वतःच्या स्वयंपाकघरात चुका करून जे पक्कं झालं, तेवढंच सांगते.

हे ज्ञान कुणाचं, ते आधी

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई इथल्याच रानातून गोव्याकडे उतरते, आणि पाऊस बेळगाव शहराच्या कित्येक पटींनी पडतो. या रानात म्हशी राखणारे गवळी धनगर वाडे करून राहतात. भात आणि नाचणी पिकवणारे कुणबी-मराठा आहेत. हल्याळच्या रानाकडच्या अंगाला सिद्दी आहेत, ज्यांच्या पूर्वजांना मुख्यतः पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून आणलं गेलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत 2003 साली समावेश झाला. बेळगाव आणि धारवाडमधल्या सिद्दींना त्यासाठी 2020 च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. गवळी धनगरांची मागणी अजून पुरी झालेली नाही. सरकारी यादीत नाव असो नसो, रानातला पाला कुठला खायचा आणि कसा खायचा हे या सगळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे.

ते का चालत आलं, हे पावसाळ्यात गवाळी, आमगाव, कोंगळा या बाजूला गेलं की समजतं. ओढे भरले की वाट बंद. बाजार लांब, घरातल्या कणगीतलं धान्य तळाला गेलेलं, नवं पीक अजून रोपात. त्या दोन-अडीच महिन्यांत घरामागच्या उतारावर जे उगवतं त्याच्यावर नाचणीची भाकरी खाल्ली जाते. आज्जी म्हणायची, "पाऊस उपाशी ठेवतोय, आणि पाऊसच खायला घालतोय." म्हणून बुट्टीतल्या वाट्याचा भाव करताना कृपा करून घासाघीस करू नका. तो पाला फुकट उगवला असला तरी तो ओळखणारे डोळे आणि तो खुडायला पहाटेच्या पावसात वाकलेली पाठ फुकट नाही.

पहिली पायरी: रानात जाऊ नका, बाजारात बसा

नवख्या माणसाने पहिल्या पावसाळ्यात रानात जाऊन काहीही खुडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी विकत घ्या. मोबाइलवर फोटो काढून झाडाचं नाव सांगणारी सोय आता सगळ्यांकडे आहे. तिचा उपयोग वहीत नाव लिहायला करा, ताटात काय वाढायचं ते ठरवायला करू नका. एकाच झाडाचं कोवळं पान आणि जून पान इतकं वेगळं दिसतं की फोटो फसवतो. विकणाऱ्या मावशीचा हात फसत नाही.

गर्दी ओसरल्यावर जा. एक वाटा घ्या आणि चार गोष्टी विचारा: ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात, कुठला भाग टाकायचा, पाणी काढून टाकायचं का, आणि आंबट काय घालायचं. या चार उत्तरांत सगळी भाजी येते. पुढच्या आठवड्यात परत जाऊन "मावशी, तुम्ही सांगितल्यासारखी केली" असं सांगितलंत की पाचवी आणि सहावी गोष्ट त्या आपणहून सांगतात.

नावांचा घोळ इथे होणारच, कारण आपण तीन भाषांच्या सांध्यावर राहतो. टाकळा गोव्याच्या अंगाला तायकिळो होतो आणि कन्नडमध्ये तगचे. करटोली कोकणी बोलणाऱ्याकडे फागलां, कन्नड बोलणाऱ्याकडे माडहागल. बांबूचा कोंब कन्नडमध्ये कळले, गोव्याकडे किल्ल. करवंदाला कन्नड मावशी कवळी हण्णु म्हणेल, जांभळाला नेरळे हण्णु. आणि नुसतं "तप्पल" म्हटलं तर ती कुठल्याही पालेभाजीबद्दल बोलत असते. वहीत एका पानावर एक झाड आणि त्याच्यासमोर ऐकलेली सगळी नावं, ती कुठल्या गावच्या माणसाने सांगितली त्यासकट, असं लिहा. एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या झाडांना असू शकतं, म्हणून गावाचं नाव लिहिणं गरजेचं.

दुसरी पायरी: टाकळ्यापासून सुरुवात

पहिली भाजी टाकळाच असावी. तो सगळीकडे उगवतो, ओळखायला सोपा, आणि चुकलात तरी जिवावर बेतत नाही.

टाकळा हातात घ्या. एका देठावर पानांच्या समोरासमोर तीन जोड्या, म्हणजे सहा पानं. टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी. प्रत्येक पान देठाकडे निमुळतं आणि शेंड्याला गोल, लहान चमच्यासारखं. संध्याकाळी हीच पानं एकमेकांना चिकटून मिटतात, म्हणून मुलं त्याला झोपाळू झाड म्हणतात. पान चुरगळलं की उग्र वास येतो. तो शिजल्यावर जातो, घाबरू नका. याच्या जवळचाच दुसरा एक आहे, कासविंदा. त्याची पानं टोकाला अणकुचीदार असतात, वासही जास्त उग्र, आणि त्याच्या बिया विषारी. गोल शेंडा तो घ्यायचा, टोकदार तो सोडायचा, इतकं पहिल्या वर्षी पुरे.

वेळ महत्त्वाची. मृगाच्या पावसाने उगवलेला टाकळा कर्नाटकी बेंदराच्या (ज्येष्ठी पौर्णिमेच्या) आसपास खाण्याजोगा होतो, म्हणजे वीतभर उंच. पिवळी फुलं दिसली की भाजी संपली. पान जून, कडू आणि चिवट होतं. खुडताना फक्त वरचा शेंडा नखाने खुडायचा. नखाने तुटला तर कोवळा, ओढावा लागला तर जून. ही कसोटी जवळजवळ सगळ्या पालेभाज्यांना लागू पडते.

करायची अशी: पानं देठांपासून वेगळी करून तीन पाण्यांनी धुवा, कारण पहिल्या पावसाची माती पानाच्या मागच्या लवेत बसलेली असते. बारीक चिरा. फणसाच्या आठळ्या हाताशी असतील तर आधी उकडून, सोलून, ठेचून ठेवा. आषाढात घरात आठळ्या असतातच. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण भरपूर, सुकी मिरची, कांदा. मग टाकळा. झाकण न घालता परता, म्हणजे उग्र वास उडून जातो. पाला अर्ध्याच्या खाली बसला की आठळ्या, मीठ, शेवटी ओलं खोबरं. नाचणीच्या नाहीतर तांदळाच्या भाकरीबरोबर खा. पहिल्या दिवशी वाटीभरच खा. टाकळा पोट सैल करतो, आणि सवय नसलेल्याला ते रात्री कळतं.

टाकळ्याचं काहीच वाया जात नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात. त्यांच्या बिया भाजून, कुटून त्याची कॉफीसारखी पूड करणारी घरं अजून आहेत.

टाकळ्याच्या जोडीने कुर्डू घ्या. त्याचं कोवळं पान पालकासारखं मऊ शिजतं आणि त्याला स्वतःची फारशी चव नसते, म्हणून डाळीत उत्तम. पुढे भाद्रपदात त्यालाच गुलाबी-पांढरे तुरे येतात. तेव्हा त्याच्याकडे नुसतं बघायचं. घोळ आणि आंबुशी तर परसातच मिळतील. दोन्ही आंबूस, दोन्हींत ऑक्झलेट असतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्याने त्या जपूनच खाव्यात.

तिसरी पायरी: खाज कशी काढायची

इथून खरं शिक्षण सुरू होतं. रानभाजीत झाड ओळखणं हे निम्मं काम. ते खाण्यालायक करणं हे उरलेलं निम्मं, आणि बायकांनी हेच जपून ठेवलं आहे. तेरं, शेवळ, रानसुरणाचा पाला यांच्या देठापानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचे जुडगे असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात. त्यालाच आपण खाज म्हणतो.

तेरं म्हणजे रानातलं आळू, काळपट देठाचं, ओढ्याकाठी आणि दगडी गडग्यांच्या सावलीत उगवणारं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी मोठ्या हौसेने तेरं आणलं, घरच्या आळूसारखं चिरलं, चिंच घातली चमचाभर, आणि वीस मिनिटांत उतरवलं. पहिल्याच घासाला सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. सगळ्यांच्या घशात जणू बारीक काटे अडकले होते. तास-दीड तास कोणी नीट बोलू शकलं नाही. पुढच्या रविवारी आजोळी गेले आणि आज्जीला सांगितलं. ती हसली नाही. तिने मला चुलीपाशी बसवलं आणि एक शब्द न बोलता पहिल्यापासून करून दाखवलं.

तिने तेरं पहाटेच कापून आणलं होतं आणि घराच्या वळचणीला सुकत टाकलं होतं, पानं मलूल होईपर्यंत. "आधी मरू दे गे त्याला," एवढंच म्हणाली. मग हाताला खोबरेल तेल चोपडून देठांची साल वरून खाली ओढून काढली. पानांच्या मधल्या जाड शिराही काढल्या. चिरून पातेल्यात घातल्यावर तिने चिंच घेतली नाही. आंबाड्याची हिरवी फळं ठेचून घातली, दहा-बारा, आणि त्यावर चार आमसुलं. मला ते फारच वाटलं. पाणी घालून मंद चुलीवर ठेवलं ते पाऊण तासाच्या वर. मधूनमधून रवीने घोटत राहिली. शेवटी देठ कुठे आणि पान कुठे ते कळेनासं झालं, सगळं एकजीव हिरवं-काळं झालं, तेव्हा तिने बोटावर थेंबभर घेऊन जिभेच्या टोकावर ठेवला, आणि थांबली. शंभर मोजून होतील इतकी थांबली. मग म्हणाली, "आता फोडणी दे."

त्या थांबण्यात सगळं आहे. खाज लगेच कळत नाही, म्हणून चाखून लगेच "झालं" म्हणायचं नाही. तुमच्यासाठी क्रम असा: सुकत टाकणं, साल आणि शिरा काढणं, भरपूर आंबट, लांब शिजवणं, घोटणं, चाखून थांबणं. यातली एकही गोष्ट गाळू नका. आंबट म्हणून आंबाडा, चिंच, आमसूल, बिंबलं यांतलं घरात जे असेल ते, पण हात आखडता नको. आणि साल काढताना हाताला तेल लावायला विसरलात तर रात्री बोटं सांगतील.

भारंगीची पानं कडू. त्यांना खाज नसते. ती उकळत्या पाण्यात घालून, पाणी ओतून, हाताने घट्ट पिळून घ्यायची आणि मग मूगडाळ किंवा वालाबरोबर परतायची. कुड्याच्या कोवळ्या शेंगा आणि फुलं यांचंही तसंच. थोडा कडूपणा उरतो, तो राहू द्यावा. पावसाळ्यात पोटाला तो मानवतो असं रानातली माणसं सांगतात, आणि आमच्या घरचा अनुभवही तसाच आहे.

बांबूचा कोंब

आषाढातली ही भाजी शहरातही आवडीने खाल्ली जाते, आणि हिच्यातच नवखे सर्वांत जास्त निष्काळजी असतात. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. रानातल्या बायकांना त्याचं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कोंबाचं पाणी कधीही वापरायचं नाही हे त्यांनी कायमचं ठरवून ठेवलं.

बाहेरची काळपट, केसाळ सालपटं काढा. आतला हस्तिदंती गाभा निघेपर्यंत काढत राहा. टोकाकडून बारीक काप करा. सुरी सहज चालते तिथपर्यंतच घ्या. जिथे करकर आवाज येतो तिथून खालचं टाका. काप पाण्यात बुडवून ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला, दोन दिवस तरी. मग उघड्या पातेल्यात, झाकण न ठेवता, भरपूर पाण्यात खळखळून उकळा, ते पाणी ओता, पुन्हा ताज्या पाण्यात उकळा. कडू लागलं तर तिसऱ्यांदा. कुकरची घाई इथे करू नका. यानंतर मसूर घालून उसळ करा, किंवा तांदळाच्या पिठात घोळून कापं तळा.

खुडण्याबद्दल एक सांगते, जरी तुम्ही स्वतः खुडणार नसलात तरी. एका बेटातले सगळे कोंब कोणी जाणतं माणूस काढत नाही. बेटाच्या आतले कोंब वाढायला ठेवतात, कडेचे दोन-तीन घेतात. बाजारात बुट्टीभर एकाच जाडीचे, खूप जास्त कोंब घेऊन आलेला नवखा विक्रेता दिसला तर मी त्याच्याकडून घेत नाही.

चौथी पायरी: स्वतः खुडायचं तेव्हा

एक-दोन पावसाळे विकत घेऊन, निवडून, शिजवून झाल्यावर खुडायला जा, आणि जाणत्या माणसाबरोबरच जा. आधी आपल्या शेताच्या बांधावर, परसात, ओळखीच्या माणसाच्या मालकीच्या माळावर. महामार्गाच्या कडेचं, गावाच्या सांडपाण्याच्या नाल्यालगतचं, आणि उसात किंवा भातात तणनाशक मारलं असेल तर त्या बांधावरचं काहीही घेऊ नका. तणनाशक मारल्यानंतर पहिल्या दिवशी पाला अगदी टवटवीत दिसतो, म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं आणि खानापूरच्या पश्चिमेचं बरंच रान त्यात आहे. अभयारण्यातून पाला, कोंब, कंद काहीही आणायला आपल्याला परवानगी नाही. जे लोक पिढ्यान् पिढ्या त्या रानात राहतात त्यांचे गौण वनोपजावरचे हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहेत. ते त्यांचे आहेत, शनिवार-रविवारी गाडीतून गेलेल्या आपले नाहीत. चोर्ल्याच्या रस्त्याला गाडी थांबवून पिशव्या भरणारे लोक मी पाहिले आहेत. ती सवय लावून घेऊ नका.

करटोली खुडायला शिकलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फळ फक्त मादी वेलाला येतं, म्हणून "हा वांझ आहे" म्हणून नर वेल उपटून टाकला की शेजारच्या मादी वेलालाही फळ धरत नाही. वेलाच्या मुळाशी कंद असतो आणि तो वर्षानुवर्षं जमिनीत राहून दर पावसाळ्यात नवा वेल फोडतो. म्हणून फळ कात्रीने किंवा नखाने तोडा, वेल ओढू नका. फळं हिरवी, आतल्या बिया पांढऱ्या मऊ असताना घ्यायची. पिकून केशरी झालेली तिथेच राहू द्या. पुढच्या वर्षीचे वेल त्यांच्यातूनच येतात.

ज्याला हात लावायचा नाही

आळंबी. वारुळाच्या आसपास श्रावणात उगवणारी आळंबी इथल्या घरांत फार आवडीची, आणि त्यांची चव मलाही सांगता येणार नाही इतकी सुरेख. पण विषारी आळंबी आणि खाण्याची आळंबी यांत इतकं साम्य असतं की वीस वर्षांनंतरही मी स्वतः रानातून आणून शिजवत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा पडतो का, किड्यांनी खाल्लंय का, या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. त्यांच्यावर विसंबून लोक दगावतात. खायचीच असतील तर ज्या घरात ती तीन पिढ्या खाल्ली जातात त्या घरी बोलावल्यावर खा.

रानकंद. करांदे, कणगर आणि त्यांच्या जातीतले दुसरे कंद रानात काढले जातात, पण त्यांतले काही कच्चे विषारी असतात. काप करून, बुट्टीत घालून, वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवून, राखेच्या पाण्यात उकळून मग ते खाल्ले जातात. किती वेळ, किती पाण्यांनी, हे कंदाच्या जातीवर आणि महिन्यावर ठरतं. ते वाचून शिकता येत नाही, म्हणून इथे कृती देत नाही.

तीन झाडं घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा. कळलावी, जिला खड्यानागही म्हणतात: पानाच्या टोकाला वळलेला तणावा, पावसाळ्यात लाल-पिवळी उलटी फुलं. तिचा कंद प्राणघातक. काजरा: चकचकीत पानं आणि छोट्या संत्र्यासारखी नारिंगी फळं, जी मुलांना खुणावतात, बिया अतिविषारी. गुंज: लाल मणी, त्यावर काळा ठिपका, चावून फुटलेली एकच बीही जीवघेणी ठरू शकते. कधी चुकून काही खाल्लं गेलं आणि उलट्या, गरगर, पोटात मुरडा सुरू झाला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करा आणि उरलेला पाला किंवा कंद पिशवीत घालून डॉक्टरकडे बरोबर न्या. काय खाल्लं ते समजलं तर उपचार लवकर सुरू होतो.

पाऊस सरल्यावर

रानाचं खाणं पावसाळ्यापुरतं नाही. फाल्गुन-चैत्रापासून फळांचे दिवस सुरू होतात. तोरणं पांढरी, पिठूळ, आणि मुठीमुठीने खाल्ली तरी पुरी न होणारी. वैशाखात करवंदं, कच्ची असताना लोणच्याला, काळी झाली की पानाच्या द्रोणात मीठ लावून. चिकाने ओठ चिकटतात, त्याला इलाज नाही. मग रातांबे, त्यांची साल सुकवून आमसूल, आणि पावसाच्या तोंडावर जांभळं. फळांनी सुरुवात करणाऱ्याला धोका कमी, म्हणून लहान मुलांना आधी तीच दाखवा. करवंदाच्या जाळीत हात घालताना काटे कुठून टाळायचे हे मूल दोन दिवसांत शिकतं.

माझ्या वहीत आज छत्तीस पानं आहेत. एका पावसाळ्यात दोन, फार तर तीन भरली. त्यातली पंधरा-सोळा झाडं मी डोळे मिटून हाताने ओळखते. उरलेल्यांसाठी अजून विचारायला जाते. आज्जी आता नाही. तिच्या सुनेला तेरं येतं, भारंगी येते, पण कंदांची माहिती आज्जीबरोबरच गेली, कारण कुणी वेळेवर लिहून घेतली नाही. तुम्ही यंदा बुट्टीपाशी थांबाल तेव्हा वही घेऊनच जा. मावशीला आधी विचारा, "लिहून घेऊ का?" आणि तिने हो म्हटलं की तिच्याच शब्दांत लिहा. मृग लागायच्या आधी पेन्सिल घ्या; पावसात शाई पसरते.